शाळेचे नाटक कसे निवडावे?

(सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक कसे निवडावे, ह्या विषयावर मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. दहावीचे निकाल, शिष्यवृत्त्या, वर्गखोल्या, विज्ञानशाखेची सोय असे मोठमोठे प्रश्न समोर असताना नाटकाची चर्चा कशाला, असे आपणापैकी काहींना वाटत असेल. परंतु मराठीत नाटकाच्या सरावाला जो शब्द आहे तो आठवा. तो शब्द आहे 'तालीम'. आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. एकाच शब्दाने दोन्ही भाषांनी आपले काम सोपे करून ठेवले आहे. नाटकाची तालीम ही जर खरोखर तालीम व्हावयाची असेल, तर कोणते नाटक घ्यावे हा प्रश्न कोणते पुस्तक लावावे ह्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक शाळांतून काय घडते ते आपण जाणतो. डिसेंबर उजाडतो, संमेलनाची तारीख ठरते आणि तीन आठवडे आधी कुणा शिक्षकावर नाटकाची जबाबदारी येऊन पडते. मग डॉक्टर आणि विसरभोळा रोगी, कंजूष शेठ आणि चतुर नोकर अशी एखादी दहा मिनिटांची नाटुकली शोधली जाते. मुले पाठ करतात, प्रेक्षक हसतात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरून जातात. ह्यात वाईट काहीच नाही. हसणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण नववीच्या मुलाला आपण तिसरीची गणिते सोडवावयास देत नाही. मग त्याच मुलाला रंगमंचावर उभे करताना त्याच्या बुद्धीला आणि जिभेला काहीच श्रम पडू नयेत, असा आग्रह का धरावा?

पेणच्या मूर्तिशाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. साच्यातून मूर्ती काढणे शिकाऊ पोराला लवकर येते. डोळ्यांची आखणी मात्र जाणत्या हाताचे काम. परंतु त्या पोराला आखणीचा कुंचला कधी हाती मिळालाच नाही, तर तो आयुष्यभर साचेच उघडीत बसेल. मुलांच्या हाती अवघड काम कधीतरी द्यावेच लागते, आणि ते देण्याची योग्य जागा शाळा हीच आहे.

मात्र अवघडपणा दोन प्रकारचा असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. एक अवघडपणा मुलांना मोठे करतो, दुसरा त्यांना नुसता दमवतो. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले, 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आले. मराठी रंगभूमीवरील ही महत्त्वाची नाटके आहेत. पण त्यांतील प्रश्न प्रौढांचे आहेत. चौदा वर्षांच्या मुलामुलींना त्यांत उभे करणे हे धाडस नव्हे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० सालचे. पंधरा वर्षांच्या मुलाला पांढरी दाढी चिकटवून त्यातील स्वगत म्हणावयास लावले, तर तो म्हाताऱ्या बापाचे दुःख समजून घेत नाही, डॉ. श्रीराम लागूंच्या आवाजाची नक्कल तेवढी करतो. तसेच भाड्याचे पडदे, राजवाडा, तलवारी आणि जरीचे पोशाख ह्यांचा अवघडपणा हा पैशाचा आहे, विचाराचा नाही.

मग योग्य अवघडपणा कोणता? माझ्या मते निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नाटकात जो सवाल आहे, तो मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या घरातला सवाल आहे काय? दोघा-तिघांनी बोलावे आणि बाकीच्यांनी भाले धरून उभे राहावे असे न होता, निदान दहा-बारा मुलामुलींना खरे काम मिळते काय? आणि शाळेत जे आहे, म्हणजे एक सभागृह, चार बाके, एक खाट, एवढ्यावर ते उभे राहते काय? तिन्ही उत्तरे 'होय' आली, तर भाषा थोडी जड असली तरी ते नाटक घ्यावे.

केवळ कसोटी सांगून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक नाव सुचवतो. रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. १९१२ साली प्रसिद्ध झालेले हे बंगाली नाटक. त्याची गोष्ट अगदी साधी. अमल नावाचा एक मुलगा आजारी आहे. आईबाप नसलेल्या ह्या मुलाला माधव नावाच्या गृहस्थाने आपल्या घरी आणले आहे, आणि त्याच्यावर त्याचा जीव जडला आहे. वैद्य सांगतो की मुलाला ऊन लागू देऊ नका, वारा लागू देऊ नका, घराबाहेर पाऊल टाकू देऊ नका. माधव ते तंतोतंत पाळतो. अमल खिडकीशी बसून राहतो आणि रस्त्याने जाणाऱ्यांशी बोलतो. दहीवाला येतो, अमलला त्याची हाक शिकावयाची असते, त्याच्यासारखे दूरच्या गावी दही विकावयाचे असते. पहारेकरी येतो आणि समोर उघडलेले डाकघर राजाचे आहे असे सांगतो. फुले विकणारी सुधा येते. खेळावयास निघालेली मुले येतात. अमल त्यांना आपली खेळणी देऊन टाकतो आणि म्हणतो, इथेच माझ्या समोर खेळा. गावचा उर्मट पाटील येऊन त्याची थट्टा करतो. एक आजोबा फकिराच्या वेषात येऊन त्याला दूरदेशीच्या गोष्टी सांगतात. राजाचे पत्र एक दिवस आपल्याही नावाने येईल, अशी अमलला आशा लागते. शेवटी राजवैद्य येतो आणि येताच पहिला हुकूम देतो की सगळी दारे-खिडक्या उघडा. पण तोवर उशीर झालेला असतो. अमल झोपी जातो आणि सुधा त्याच्यासाठी फुले घेऊन येते.

पालक मित्रहो, ह्या नाटकात खलनायक नाही, हे लक्षात घ्या. माधव दुष्ट नाही. तो अमलवर मनापासून प्रेम करतो, आणि त्या प्रेमापोटीच खिडकीबाहेरचे जग त्याला बंद करतो. आता आपण आपल्याकडे पाहू. आपल्या मुलीचे शिक्षण थांबवणारा बाप दुष्ट असतो काय? मुळीच नाही. गावातून शाळेपर्यंत एस.टी.चा प्रवास, संध्याकाळी उशीर, लोक काय म्हणतील ही धास्ती, जमाना बरा नाही ही काळजी. ह्या सगळ्यापोटी तो म्हणतो, झाले एवढे शिक्षण पुरे. मुलाच्या बाबतीतही तेच. ह्याने चित्रे काढू नयेत, परगावी जाऊ नये, काकाच्या दुकानात बसावे, आखाती देशात जाण्याची खटपट करावी. हेही प्रेमच आहे. हा प्रश्न आपण भाषणातून मांडला, तर पालक रागावतात किंवा मान खाली घालून घरी जातात. पण आपलीच मुले रंगमंचावर माधव, अमल आणि सुधा होऊन उभी राहिली, तर कुणी कुणाला उपदेश करीत नाही आणि तरीही प्रत्येकजण आपल्या घरातली खिडकी आठवतो. आव्हानात्मक नाटक मी म्हणतो ते ह्या अर्थाने. त्यातले आव्हान मुलांइतकेच समोर बसलेल्या आपणालाही आहे.

नाटक करून माणसांना शाळेकडे वळवावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अज्ञानामुळे नाडले गेलेले एक कुणबी नवरा-बायको शेवटी रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरवतात, असा त्याचा शेवट आहे. दक्षिणा प्राईझ कमिटीने ते स्वीकारले नाही, पण नाटकाचे मोल त्यामुळे कमी झाले नाही. वरच्या वर्गांतील मुलांनी तेही वाचून पाहावे.

आता 'डाकघर'वर येणारे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की शेवट दुःखाचा आहे, मुलांना तो झेपेल काय? ह्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील वॉर्सा शहरात नाझींनी ज्यू लोकांना भिंतीआड कोंडले होते. तेथे यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर एक अनाथालय चालवीत होते. उपासमार, रोगराई आणि मृत्यू ह्यांच्या वेढ्यात त्यांनी आपल्या मुलांसाठी नाटक निवडले ते रवींद्रनाथांचे 'डाकघर'. १८ जुलै १९४२ रोजी त्या अनाथ मुलांनी त्याचा प्रयोग केला. पुढच्याच महिन्याच्या आरंभी सुमारे दोनशे मुलांना आणि त्यांच्यासोबत कोर्चाकना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. स्वतः निसटण्याची संधी असतानाही त्यांनी मुलांची साथ सोडली नाही. ज्या मुलांपुढे मृत्यू उभा होता त्यांना त्या शिक्षकाने नाटुकली दिली नाही. मुलांना विचार करता येतो आणि दुःखही समजते, असा विश्वास त्यांनी ठेवला. आपल्या सुखरूप मुलांवर तेवढा विश्वास आपण टाकू नये काय?

दुसरा आक्षेप असा की गाणे नाही, विनोद नाही, मग लोक बसणार कसे? 'डाकघर'मधील पाटील हसवतो, आणि मुलांची बडबडही. पण ज्यांना गाणेच हवे असेल, त्यांच्यासाठी दुसरा दाखला आहे. हबीब तन्वीर ह्यांनी १९५४ साली दिल्लीच्या जामिया मिल्लियात 'आग्रा बाजार' हे नाटक बसवले. नट कोण होते? जामियाचे विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावचे रहिवासी. नजीर अकबराबादी ह्या शायराविषयीचे हे नाटक, पण नजीर स्वतः रंगमंचावर येतच नाही. बाजार मंदावलेला आहे, काकडीवाल्याची काकडी खपत नाही. आपल्या मालावर कुणी कविता करून देईल तर माल खपेल असे त्याच्या मनात येते. पुस्तकवाल्याच्या दुकानातले विद्वान नजीरला शायर मानत नाहीत, पण पतंगवाल्याच्या दुकानावर आणि साऱ्या बाजारात त्याचीच गाणी चालतात. मोठी कविता कुणाची, ग्रंथातली की बाजारातली, हा केवढा अवघड प्रश्न! आणि तो मांडला गेला तो विद्यार्थी व गावकरी ह्यांच्या तोंडून, गात-नाचत. तेव्हा अवघड म्हणजे रडके, ही समजूत काढून टाकावी.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा आहे आणि तो मी आदराने घेतो. नाटक हे आपल्या घरांना शोभते काय, असे ते विचारतात. मला वाटते शाळेने काही मर्यादा लेखी ठरवून द्याव्यात. पोशाख साधा व शालीन असावा, अचकट-विचकट संवाद नसावेत, कोणत्याही धर्माच्या पूज्य व्यक्तीला रंगमंचावर आणू नये, मुलींच्या तालमीस शिक्षिका हजर असाव्यात. एवढे पाळल्यावर संकोचाचे कारण उरू नये. मराठी रंगभूमी आपणाला परकीही नाही. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याच्या साथीला उस्ताद अहमदजान थिरकवा बसत असत. ज्या रंगभूमीला थिरकवांच्या बोटांनी ठेका दिला, तिच्यावर आपल्या मुलामुलींनीही पाऊल ठेवावे.

आता भाषेविषयी. आपल्या मुलांच्या घरात कोकणी बोली, शाळेत मराठी किंवा उर्दू, पुस्तकात इंग्रजी आणि मोबाईलवर हिंदी. ह्या गर्दीत एकही भाषा मोठ्याने, स्वच्छ आणि अर्थ कळून बोलण्याची सवय लागत नाही. तोंडी परीक्षेत आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत आपली हुशार मुले अडखळतात ती इथे. दोन महिने चांगले संवाद रोज बोलले, की जिभेचा गंज निघतो. मात्र सर्वांनी पुस्तकी मराठीच बोलावी असे नाही. अमल प्रमाण मराठीत बोलेल. दहीवाला पेणच्या बाजूचा, तो आगरी बोलीत बोलेल. आजोबा आपल्या कोकणी मुसलमानी बोलीत गोष्ट सांगतील. त्यामुळे घरची बोली ही लाज वाटण्याची वस्तू नव्हे, हेही मुलांना न सांगता कळेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण चांगला संकल्प व्यवहारात फसतो. लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. रवींद्रनाथ १९४१ साली वारले, म्हणजे मूळ नाटक २००२ सालापासून खुले झाले. परंतु अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. शाळेतील विद्यार्थी व शिक्षकांनी आपले सहकारी, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांपुढेच प्रयोग केला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सवलत आहे. गावाला खुला प्रयोग लावावयाचा असेल, तर अनुवादकाची किंवा प्रकाशकाची परवानगी आधी घ्यावी. दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, हा धडाही नाटकाबरोबरच मिळतो.

तयारीला आठ आठवडे द्यावेत. पहिले दोन आठवडे कुणालाही भूमिका देऊ नये. सर्वांनी गोल बसून नाटक वाचावे आणि न समजलेली प्रत्येक ओळ विचारावी. माधवाचे चुकले काय, ह्यावर मुलांनी वाद घालावा. त्यानंतर भूमिका वाटाव्यात, आणि त्या वाटताना नेहमीचा बोलका मुलगाच पुढे करू नये. अमलची भूमिका एखाद्या मुलीने केली तरी काही बिघडत नाही. मुख्य भूमिकांना दोन-दोन मुले तयार करावीत; परीक्षा, ताप, लग्नकार्य ह्यांनी मग प्रयोग अडत नाही. रोजची तालीम गावोगावच्या मुलांची शेवटची सोयीची गाडी सुटण्यापूर्वी संपावी. शेवटचे दोन आठवडे हातात संहिता नको. पडद्यामागून वाक्ये सांगणारा प्रॉम्प्टर असावा, पण त्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू आला तर तालीम कमी पडली असे समजावे.

आणि एक विनंती पालकांना. नाटक निवडल्यावर शाळेने एका रविवारी पालकांना बोलावून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवावे. ज्याला शंका असेल त्याने त्याच वेळी विचारावे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी ऐकीव माहितीवरून मुलीला तालमीतून काढून नेणे, ह्याने त्या एका मुलीचे नव्हे तर तिच्यावर विसंबलेल्या दहा जणांचे नुकसान होते.

लहान वर्गांसाठी मुन्शी प्रेमचंदांच्या 'ईदगाह' ह्या कथेचे नाट्यरूप शिक्षकांनी स्वतः करावे. तीन पैशांत खेळणे न घेता आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा घेणारा हामिद आपल्या मुलांना परका नाही. आणि पुढेमागे मुलांनी स्वतःचे नाटक लिहावे. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वस्त्यांतील मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम चालवला, त्यात मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका केल्या. आपल्या जिल्ह्यात विषय कमी आहेत काय? चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप करून जमिनी पडीक ठेवल्या. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी गोळा करून वरच्या वर्गांनी त्यावर नाटक उभे करावे. पण त्याआधी एखादे मोठे नाटक हातून गेले पाहिजे, म्हणजे चांगले कसे असते ते कळते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. नाटक अवघड आहे म्हणून शिक्षकांकडे सोपे मागू नका. एखादी ओळ आज कळणार नाही. पंधरा दिवसांनी तालमीत अचानक उलगडेल, आणि तो आनंद फुकटच्या टाळ्यांत मिळत नाही. पाठांतर चुकले तर पुन्हा म्हणा. तुमच्या नाटकाला चषक मिळो न मिळो. प्रयोग पाहून घरी गेलेल्या एखाद्या बापाने जूनमध्ये आपल्या मुलीचे नाव अकरावीला घातले, तर तुमचे नाटक यशस्वी झाले असे मी समजेन.

शाळेने ह्या वर्षी अशा नाटकाची निवड करावी आणि पालकांनी तिला पाठबळ द्यावे, अशी माझी विनंती आहे.

जयहिंद! जय महाराष्ट्र!